तारणहाराची वाट पाहणारे बौद्ध

वऱ्हाडातील बौद्ध बंधुभगिनींनो,

तुमच्या घरात पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर दोन प्रतिमा दिसतात. एक तथागतांची आणि एक बाबासाहेबांची. ह्या दोघांपैकी एकानेही 'मी तुमचा तारणहार आहे' असे कधी म्हटले नाही. अलीकडे त्या दोन प्रतिमांच्या शेजारी एक तिसरी तसबीर लागू लागली आहे. ती कोणाची, हे गावागणिक बदलते. घरधनी ज्या गटाचा, त्या गटाच्या पुढाऱ्याची ती असते. तसबीर लावण्यास आमची हरकत नाही. त्या तसबिरीपुढे मनातल्या मनात हात जोडून जे मागितले जाते, त्यास मात्र आमची सक्त हरकत आहे, आणि त्याविषयीच आज तुमच्याशी स्पष्ट बोलावयाचे आहे.

काही काळापूर्वी पूर्णेकाठच्या एका खेड्यात जाण्याचा आम्हांस योग आला. गाव खारपाणपट्ट्यातले. विहिरीस पाणी आहे, परंतु ते घशाखाली उतरत नाही. त्या दिवशी १ मेची ग्रामसभा होती आणि पिण्याच्या पाण्याचा विषय सभेपुढे होता. बौद्धपुऱ्यात घरे चाळीसच्या आसपास. सभेस गेले तिघे. सायंकाळी विहारात बसलो असता पाण्याची गोष्ट निघाली, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "साहेब निवडून आले असते तं हे दिवस पाहाले लागले नसते." शेजारचा एक शिकलेला तरुण म्हणाला, "एकदा सगळे गट एक होऊ द्या, मग पाहा." आम्ही विचारले, "ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. गेल्या वर्षी ती कोठे खर्च झाली?" कोणासही ठाऊक नव्हते. विचारले होते काय? नव्हते. ग्रामपंचायतीचे कार्यालय त्या विहारापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि ज्या साहेबांची वाट पाहिली जात होती ते तेथून कित्येक कोस दूर होते.

त्याच विहाराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा सुंदर निळ्या अक्षरांत रंगविलेल्या होत्या.

वाचकहो, त्या प्रतिज्ञा तुम्हांस मुखोद्गत आहेत. एकदा त्या केवळ व्याकरणाच्या दृष्टीने वाचून पाहा. प्रत्येक प्रतिज्ञेत 'मी' आहे किंवा 'माझा' आहे. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पालन करीन. 'आमचे पुढारी आमच्यासाठी करतील' असे बाविसांपैकी एकाही प्रतिज्ञेत नाही. देव अवतार घेतो ह्यावर विश्वास नाही, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. मग पाच पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीच्या अवताराची वाट पाहत बसणे, हे त्या प्रतिज्ञेचे पालन आहे की भंग? सत्यनारायण सोडला म्हणून आपण बौद्ध झालो, अशी आपली समजूत आहे. सत्यनारायण सोडणे त्या मानाने सोपे होते. अवघड आहे ते नवसाची वृत्ती सोडणे. देवास बोललेला नवस आता आपण पुढाऱ्यास बोलू लागलो आहोत, इतकाच काय तो फरक.

आपल्या वऱ्हाडाची रीत पूर्वी अशी नव्हती. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांस उघडे व्हावे ही मागणी तीत मुख्य होती. परिषद चालू असता बाबासाहेबांचे ज्येष्ठ बंधू बाळाराम ह्यांच्या निधनाची वार्ता येऊन थडकली. ती परिषद आजही वर्णिली जाते ती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेमुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु अंबादेवीचा प्रश्न बाबासाहेबांनी मुंबईहून आणलेला नव्हता. तो ह्याच मातीतल्या माणसांनी उभा केला होता. बाबासाहेब आले ते उभ्या असलेल्या लोकांचे अध्यक्ष म्हणून. बसलेल्यांस उचलून उभे करण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते.

त्याच काळात डॉ. पंजाबराव देशमुख अमरावतीत अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. पापळच्या ह्या कुणबी घरच्या पुत्राचे ते ऋण आपण मान्यच केले पाहिजे. तथापि विहीर खुली करण्याचा ठराव कागदावर होत असतो. त्या विहिरीत पहिली घागर बुडविण्याचे काम कोणी कौन्सिलचा अध्यक्ष करीत नाही. ते ज्या कोणी निनावी आईबहिणीने केले असेल, तिने गावाच्या नजरा झेलल्या असतील. तिचे छायाचित्र कोणाच्याही भिंतीवर नाही.

आणखी एक गोष्ट त्या पिढीकडून शिकण्यासारखी आहे. ग. आ. गवई हे वऱ्हाडातील अस्पृश्यांचे जुने व मोठे कार्यकर्ते. १९३२ साली राजा-मुंजे कराराच्या वेळी त्यांनी बाबासाहेबांच्या विरुद्ध पक्ष घेतला. गावचा माणूस, आपल्या भाषेत बोलणारा, अनेक वर्षे झिजलेला. त्याचे म्हणणे लोकांनी ऐकले, तोलून पाहिले, आणि वऱ्हाडातील बहुसंख्य लोक त्याच्यामागे गेले नाहीत. पुढारी घरचा आहे म्हणून त्याचे मत आपले, असा हिशेब त्या निरक्षर माणसांनी केला नाही. आज आपल्या घरोघरी पदवीधर आहेत. आपण हा हिशेब कसा करतो?

कोणी म्हणेल, त्या लोकांनी तरी काय केले, बाबासाहेबांवर श्रद्धाच ठेविली ना? हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु बाबासाहेबांनी श्रद्धा मागितली कशी, ते पाहा. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईस महार परिषद भरवून त्यांनी आपल्या माणसांपुढे धर्मांतराची कारणे एकेक करून मांडली. ऐहिक लाभ काय, आध्यात्मिक लाभ काय, शंका कोणत्या, त्यांची उत्तरे कोणती. ज्यास आज्ञाच करावयाची असते तो इतका युक्तिवाद करीत नाही. नागपुरासही त्यांनी प्रथम स्वतः दीक्षा घेतली, आणि मग ज्यांना घ्यावयाची असेल त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. त्या मैदानावर लाखो लोक उभे राहिले ते आपल्या पायांवर. त्या श्रद्धेत 'पटले म्हणून' हा शब्द होता. तुम्ही आपल्या आजच्या पुढाऱ्याच्या बाबतीत 'पटले म्हणून' असे म्हणू शकता काय? की 'आपला म्हणून' एवढेच म्हणता?

स्वतः बाबासाहेब ह्या रोगास किती ओळखून होते, ह्यास २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे घटना समितीतील त्यांचे भाषण साक्ष आहे. त्या भाषणात त्यांनी देशास जे इशारे दिले, त्यांतील एक विभूतिपूजेविषयी होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. हा इशारा साऱ्या राष्ट्रास होता. पण त्याचे पहिले उत्तरदायित्व कोणावर येते? ज्यांनी त्यांचा धम्म स्वीकारला त्यांच्यावर, की ज्यांनी स्वीकारला नाही त्यांच्यावर? देशभर आज पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे जे देव्हारे मांडले जात आहेत, त्यांस आपण हसतो, टीका करतो. टीका रास्त आहे. परंतु दुसऱ्याचा देव्हारा मोडावयास निघालेल्या माणसाने आपल्या घरातला देव्हारा आधी झाकून ठेवावा लागू नये.

आता आपल्या दोन जिल्ह्यांच्या राजकारणाकडे वळू. १९९८ सालच्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून रिपब्लिकन विचाराचे चार खासदार निवडून आले, आणि चौघेही राखीव नसलेल्या जागांवरून. मुंबईतून रामदास आठवले, चिमूरहून जोगेंद्र कवाडे, अकोल्याहून प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीहून रा. सू. गवई. चारांपैकी दोन जागा आपल्या वऱ्हाडाच्या होत्या. त्या दिवशी इर्विन चौकात काय आनंद झाला होता, तो ज्यांनी पाहिला त्यांस सांगावयास नको. ज्या लोकसभेत १९९९ च्या एप्रिलमध्ये एका मताने सरकार गेले, त्या लोकसभेत आपली चार मते होती. सत्तेच्या तराजूत आपले वजन किती, हे त्यापूर्वी व त्यानंतर इतके स्पष्ट कधी दिसले नाही.

पुढे काय झाले? वर्षाच्या आतबाहेर गट वेगळे झाले. १९९९ साली अमरावतीची जागा गेली. अकोल्याची राहिली, परंतु २००४ साली तीही गेली, आणि त्यानंतरच्या चारही निवडणुकांत परत आली नाही. २००९ पासून अमरावतीचा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. परंतु पुणे करारानंतरचा आपला अनुभव जो सांगतो तेच तेथेही खरे आहे. जागा राखीव झाली, तरी ती आपल्या मतांवर उभी राहीलच असे नाही.

ह्या पराभवाची चर्चा तुम्ही चहाच्या टपरीवर हजार वेळा केली आहे. तिचा शेवट नेहमी एकाच वाक्यात होतो: "नेते फुटले." आम्हांस विचारावयाचे आहे ते हे की, नेते फुटले तेव्हा तुम्ही कोठे होता? नेता एकटा फुटत नाही. एकटा फुटलेला नेता दुसऱ्या दिवशी एक सामान्य मनुष्य असतो. तो गट होतो, कारण त्याच्यामागे जाणारे गावोगाव असतात. आणि ते जातात कारण त्यांस कारण विचारण्याची सवय उरलेली नाही. १९९९ साली एका तरी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या नेत्यास बोलावून, 'आम्ही तुम्हांस एकत्र मत दिले होते, आता वेगळे होण्याचे कारण आमच्यापुढे येऊन सांगा', असे ठणकावले काय? आमच्या पाहण्यात तरी तसे आले नाही. उलट आपापल्या साहेबांच्या बाजूने भावाभावांत अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे. आणि म्हणून 'ऐक्य' ह्या शब्दाचा आम्हांस आता थोडा वीट येऊ लागला आहे. ऐक्य चांगलेच. पण 'ऐक्य होऊ द्या, मग पाहू' हे वाक्य आज आळशी माणसाचे पांघरूण झाले आहे. पाणी, शाळा, रेशन, शिष्यवृत्ती, ह्यांतील कोणत्या गोष्टीसाठी दोन पुढाऱ्यांनी एका व्यासपीठावर बसणे आवश्यक आहे?

पुढाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. अकोला जिल्ह्यात माळी, धनगर, बंजारा अशा लहानमोठ्या समाजांतील माणसांस बौद्धांच्या मतांची जोड देऊन जिल्हा परिषदेत सत्ता मिळविण्याचा जो प्रयोग झाला, तो महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच झाला. आपले मत दुसऱ्या वंचितास देण्यात हानी नाही, हे त्या प्रयोगाने शिकविले. परंतु तो प्रयोग उभा राहिला तो गावोगाव सायकलवर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. आज त्यांची मुले मोटारसायकलवर मिरवणुकीत असतात.

दादासाहेब गायकवाडांच्या काळाची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी ही मागणी होती, बौद्धांस सवलती मिळाव्यात ही होती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे हीही होती. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती १९६० सालीच दिल्या होत्या. केंद्राने बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० साली, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. तैलचित्रही १९९० सालीच लागले. जमिनीचे काय? ते तुम्ही आपल्या गावच्या गायरानाकडे पाहून सांगा. प्रतीक देणे राज्यकर्त्यास परवडते. जमीन देणे परवडत नाही. म्हणून तो पुतळा मागा म्हणतो, स्मारक मागा म्हणतो, आणि आपण तेच मागतो. तुरुंगात गेलेल्या त्या भूमिहीनांनी दोन्ही मागितले होते. आपण त्यांतले सोपे तेवढे उचलले.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेविली आहे. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिका ह्यांची मुदत पाच वर्षांची ठरविली, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. २०२२ च्या मार्चमध्ये अमरावती व अकोला ह्या दोन्ही महानगरपालिकांच्या सभासदांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ ह्या दोन्ही शहरांचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी पाहिला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे निवडणुकांची हालचाल सुरू झाली. त्या तीन वर्षांत आपल्या वॉर्डात नगरसेवक नव्हता. नाली तुंबली तर कोणाकडे जावे हे ठाऊक नव्हते. आणि अंदाजपत्रक ज्या सभागृहात मांडावयाचे ते सभागृहच रिकामे होते.

त्या तीन वर्षांत आपण काय केले? तीन वेळा भीमजयंती केली, आणि पूर्वीपेक्षा मोठी केली. तीन वेळा २६ नोव्हेंबरचा संविधान दिन पाळला, उद्देशिकेचे सामूहिक वाचन केले. ज्या संविधानाची उद्देशिका वाचली, त्याच संविधानाने दिलेला मताचा हक्क आपल्याच शहरात कुलुपात पडला आहे, म्हणून किती जण जिल्हाधिकारी कचेरीवर गेले? आपले पुढारी गेले नाहीत, असे तुम्ही म्हणाल. खरे असेल. पण मत पुढाऱ्याचे नव्हते, ते तुमचे होते. आपली वस्तू हरवली म्हणून शेजाऱ्याने फिर्याद का दिली नाही, असे विचारणाऱ्यास काय म्हणावे?

येथे एक शंका उरते. पुढारी नको, तर मग काय प्रत्येकाने आपापला झेंडा घ्यावा? तसे आमचे म्हणणे नाही. संघटनेवाचून दुबळ्याचे राजकारण होत नाही, आणि संघटना म्हटली की तिला कोणीतरी पुढे चालणारा हवा. पण पुढे चालणारा आणि डोक्यावर बसणारा ह्यांत फरक आहे. महापरिनिर्वाणापूर्वी भिक्षूंनी विचारले असता तथागतांनी आपला वारस नेमला नाही. धम्म व विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगितले. आणि दूर कशाला, आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा घ्या. ते बौद्ध नव्हते, कीर्तनकार होते. परंतु त्यांनी कोणास शिष्य केले नाही, कोणाचे गुरू झाले नाहीत. गावात शिरताच खराटा हाती घेत, आणि लाजून लोक झाडू लागत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या मागोमाग चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे देहावसान झाले. आज त्यांच्या पुतळ्याभोवती जयंतीला आदल्या दिवशी सफाई कामगार झाडून जातात, आणि पुढारी हार घालतात. पुढे चालणारा कसा असावा आणि आपण त्याचे काय करतो, हे दोन्ही त्या एका चित्रात आहे.

राष्ट्र बदलावे असे आपल्या प्रत्येक सभेत म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध आहेत. देशातील दर चार बौद्धांपैकी तीन ह्या राज्यातले. अकोला जिल्ह्यात शंभरांत अठरा, अमरावती जिल्ह्यात शंभरांत तेरा. एवढी माणसे एका गोष्टीचा हिशेब सतत विचारू लागली, तर तो देणे कोणत्याही पक्षास टाळता येणार नाही, आणि त्यांत आपला पक्षही आला. परंतु हिशेब विचारणारा माणूस प्रथम सभेस हजर असावा लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवशी ग्रामसभा भरते. त्यांतील किती सभांच्या नोंदवहीत तुमची सही आहे, हे तुम्हीच पाहा.

दसऱ्याच्या सुमारास अकोल्याच्या क्रिकेट क्लब मैदानावर धम्मचक्र प्रवर्तनाचा मेळावा भरतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण भाकरी बांधून तेथे जातात, आणि ह्या वर्षीही जातील. जरूर जा. परंतु त्यापूर्वी एक पोस्टकार्ड आयोजकांस लिहा. भाषणे संपल्यावर अर्धा तास लोकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि व्यासपीठावरील प्रत्येकाने उत्तर द्यावे, एवढीच त्यात विनंती असू द्या. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर, बाळापूर, प्रत्येक तालुक्यातून अशी शंभर पत्रे गेली, तरी ती बाजूस सारता येणार नाहीत. आपल्या गावच्या पंधरा टक्क्यांचा आकडा तोवर मिळवून ठेवा. मिळाला नाही, तर अर्ज केव्हा केला व उत्तर काय आले, ते ह्या पाक्षिकाकडे लिहून पाठवा. गावाच्या नावासह छापण्यास आम्ही बांधील आहोत.